एकतीस फुटांचा संसार

नवरा-बायकोचे बिनसले तर आपल्याकडे एकाला उठून जायला जागा असते. रागावलेला गडी रानात जाऊन बांधावर बसतो, रागावलेली बाई धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन विहिरीची वाट धरते. तास दोन तासांत डोकी निवतात आणि संध्याकाळी दोघे एकाच चुलीपुढे जेवायला बसतात. पण जिथे रान नाही, विहीर नाही, शेजार नाही, चारी दिशांना नुसते खारे पाणी आहे आणि घराची लांबी आपल्या एस.टी.च्या मोठ्या गाडीपेक्षाही आखूड आहे, अशा जागी दोघांनी वर्ष काढायचे म्हटले तर? इंग्लंडमधल्या एका जोडप्याने ते काढले. शिडाच्या होडीवर संसार थाटून निघाल्यानंतरच्या त्यांच्या पहिल्या वर्षाची हकीकत आज सांगायची आहे. ती जगभर गाजली आहे, पण बहुधा संकटाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आपण ती संसाराच्या बाजूने पाहू.

मॉरिस बेली हा डर्बी गावात छापखान्यात कंपोझिटर होता. मॅरलिन त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, सरकारी कर कचेरीत नोकरीला. १९६३ साली दोघांचे लग्न झाले. डर्बी हे गाव इंग्लंडच्या ऐन मध्यात. त्या देशात समुद्रापासून सर्वांत लांबची जी जागा मानतात ती याच जिल्ह्यात येते, आणि तीही समुद्रापासून अवघ्या ७० मैलांवर. म्हणजे तिकडच्या मानाने ही अगदी देशावरची माणसे. मॉरिस अबोल, बोलताना अडखळणारा, स्वतःवर सदा नाराज असलेला. लहानपणी दुखण्यांनी बेजार झालेला. मॅरलिन हसरी, धीट, एकदा ठरवले की मागे न फिरणारी. मूलबाळ नव्हते. स्वतःचे नवे टुमदार घर होते, दोघांचा पगार होता, आणि १९६६ च्या नोव्हेंबरात मॅरलिनने सुचवले की हे घर विकून टाकू, होडी घेऊ आणि तिच्यावरच राहू.

इथे वाचक भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असा उलटासुलटा विचार घरात बहुधा पुरुष काढतो आणि बाई पदराला गाठ मारून ‘नाही’ म्हणते. इथे कल्पना बायकोची होती, आणि तिला पोहता येत नव्हते! मॉरिस आधी तयार नव्हता. घर विकायचे म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्याने एखादा एकराचा तुकडा विकला असेल त्याला सांगायला नको. पण अखेर घर विकले, आणि त्या पैशांतून ३१ फुटांची होडी उभी राहिली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिचे नाव ठेवले ‘ऑरलिन’. पुढची काही वर्षे नोकऱ्या करीत, होडीवरच राहत, आतली कपाटे-फळ्या स्वतःच्या हातांनी बसवीत पैसे साठवले. जून १९७२ मध्ये साउदॅम्प्टनहून नांगर उचलला. जायचे होते न्यूझीलंडला, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला.

आता अशा होडीवरचे घर चालते कसे ते सांगतो, कारण आपल्या मंडळींना त्यातच जास्त गोडी वाटेल.

पहिला प्रश्न पाण्याचा. भोवती कोट्यवधी घागरी पाणी, पण प्यायला थेंब नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. आपल्या मूत्रपिंडांना एवढे मीठ बाहेर टाकायचे तर प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावे लागते. म्हणून खारे पाणी पिणारा माणूस तहानेने लवकर मरतो. सारे गोडे पाणी टाकीत आणि डब्यांत भरून न्यावे लागते आणि पाऊस आला की शिडाची झोळी करून धरावे लागते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, अंघोळ समुद्राच्या पाण्याने करायची, आणि गोडे पाणी फक्त घशासाठी. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कधी पुरता वाळत नाही. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसे त्या कपड्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते. पांघरूण दमट, उशी दमट, अंगाला खाज. ही तक्रार होडीवर राहणारी सगळीच माणसे करतात.

दुसरा प्रश्न साठवणीचा. छोट्या होडीवर बर्फाची पेटी सहसा नसायची. अंडी ताजी घेऊन प्रत्येकाला व्हॅसलिनचा हात फिरवतात. कवचाची बारीक छिद्रे बुजली की अंडे बरेच आठवडे टिकते, मात्र ते मधूनमधून उलटे करावे लागते. बाकी सारा भरवसा डबाबंद अन्नावर. पण ओलीने डब्यांवरचे कागद सुटतात आणि ते लगदा होऊन पाणी उपसायच्या पंपात अडकतात. म्हणून शहाणी माणसे निघण्याआधीच सगळे कागद सोलून टाकतात आणि प्रत्येक डब्यावर रंगाने खूण करतात. खूण करायला विसरले तर जेवणाच्या वेळी डबा फोडल्यावरच कळायचे की आत मटार आहे की गोड पेअर! कोणता डबा कोणत्या फळीमागे, किती उरले, किती दिवस पुरतील, याची वही घरधनिणीकडे. आपल्या कणग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना यात नवे काही वाटू नये.

शेगडीसुद्धा पाळण्यासारखी टांगलेली असते. होडी कलली तरी पातेले सरळ राहावे म्हणून. आणि झोप? होडी रात्री थांबत नाही. माणसे दोनच, तेव्हा एकाने जागायचे, दुसऱ्याने निजायचे, काही तासांनी पाळी बदलायची. ज्यांनी रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी दिले आहे त्यांना ही झोप माहीत आहे. नवरा-बायको चोवीस तास एकत्र असूनही एका वेळी दोघे जागे असे थोडाच वेळ असतात, हे या संसारातले एक नवलच म्हणायचे.

ऑरलिनवर कप्तान मॉरिस. शिडे, नकाशे, सूर्याची उंची मोजून आपण कुठे आहोत ते काढणे, सारे त्याच्याकडे. तो त्यात निष्णात होता आणि हट्टीही होता. होडीवर बाहेर संदेश पाठवणारे बिनतारी यंत्र त्याने घेतले नव्हते. बाहेरच्या जगाची लुडबूड नको, आपले आपण स्वतंत्र राहू, असा त्याचा विचार. स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे, पण दोन जीव महासागरात घेऊन जाताना हाक मारायची सोयच ठेवायची नाही, याला मी हट्टच म्हणेन. आज दिवस पालटले आहेत. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने उपग्रहामार्फत संकटाची खबर किनाऱ्यावर पोचवणारे उपकरण तयार केले आहे. १९७२ सालीही रेडिओ मिळत होते.

पहिले आठ महिने छान गेले. दर्यावर्दींनाही शेतकऱ्यासारखी घात सांभाळावी लागते. वेस्ट इंडीज बेटांकडे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून इंग्लंडहून उन्हाळ्यात निघायचे, स्पेन-पोर्तुगालच्या कडेकडेने दक्षिणेला उतरायचे, आणि हंगाम सरत आला की अटलांटिक ओलांडायचा. तिथे ईशान्येकडून सतत वाहणारे वारे मिळतात. त्यांनाच व्यापारी वारे म्हणतात. कोलंबसाची गलबते याच वाऱ्यांवर गेली. ऑरलिननेही हीच वाट धरली. कॅनरी बेटांपासून वेस्ट इंडीजपर्यंत पावणेतीन हजार मैलांची मजल, मध्ये एक खडक नाही. तिथून पनामा कालवा, आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये पॅसिफिक महासागर. पुढचा मुक्काम गॅलापागोस बेटे.

४ मार्च १९७३. दिवस नुकता उजाडला होता. पहाटेची पाळी मॅरलिनची होती. तिने मॉरिसला उठवले आणि न्याहारीच्या तयारीला लागली. तेवढ्यात खालून असा दणका बसला की सारी होडी थरारली. बाहेर येऊन पाहतात तो पाण्यात एक प्रचंड देवमासा, जखमी, तडफडत असलेला, आणि पाणी रक्ताने लाल. होडीच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, मोठे भगदाड पडले होते. शीड बाहेरून ओढून लावले, आतून उशा-पांघरुणे कोंबली, पंप चालवला, पण पाणी चढतच राहिले. तासाभराच्या आत सहा-सात वर्षांची पुंजी, घर, अंथरूण, पातेली, सगळे समुद्राच्या तळाला गेले.

त्या तासात मॅरलिनने काय उचलले ते पाहण्यासारखे आहे. डबे, पाण्याची भांडी, बादली, पासपोर्ट, कॅमेरा, वही, शब्दकोश, नकाशा आणि मॉरिसची दिशा काढायची साधने. जवळ हवेने फुगवायचा एक गोल रबरी तराफा होता आणि एक लहान रबरी होडी. दोन्ही दोराने एकमेकांना बांधली. तराफा किती मोठा? आतून साडेचार फूट. आपल्या घरातल्या एखाद्या मध्यम कणगीत दोन माणसे बसवली तर जसे होईल तसे. पाय लांब करायचे तर एकाने आखडून घ्यायचे. तिने डबे मोजले आणि हिशेब काढला की बेताने खाल्ले तर वीस दिवस निघतील.

निघाले मात्र ११८ दिवस.

मॉरिसने आधी वाटले तसे केले. रात्री ऊन नसते म्हणून रात्री वल्ही मारून गॅलापागोस गाठायचे. काही रात्री हाताला फोड येईपर्यंत वल्हवले. सकाळी मोजमाप केले की कळे, प्रवाह त्यांना भलतीकडेच नेतो आहे. तो नाद सोडावा लागला. मग आठवड्याभरात एक जहाज दिसले. इशाऱ्याची दारू लावली, त्यातली काही पेटलीच नाही. जहाज निघून गेले. पुढच्या महिन्यांत अशी एकूण सात जहाजे दिसली आणि सातही न थांबता गेली. मोठ्या लाटांत एवढासा ठिपका वरच्या माणसाला दिसत नाही.

इथून पुढे कप्तान बदलला. कोणी ठराव केला नाही, कोणी कोणाला हटवले नाही. मॉरिसची विद्या होती शिडांची आणि नकाशांची. शीड उरले नव्हते आणि कुठे आहोत ते कळून उपयोग नव्हता. त्याचे मन खचले. होडी बुडाली ती आपल्यामुळे, मॅरलिनला मरणाच्या दारी आणले ते आपण, हे त्याच्या मनातून जाईना. पुढे तापाने आणि छातीच्या दुखण्याने तो पडून राहिला, अंगावर बसून बसून क्षते पडली, आणि एकदाचे मरण यावे असे त्याला वाटू लागले. मॅरलिनची विद्या होती घर चालवायची. ती मात्र इथे सगळीच्या सगळी उपयोगी पडली.

तिने दिवसाला वेळापत्रक घातले. जेवणाच्या वेळा ठरल्या, मग पानात काहीही असो. डबे संपत आल्यावर तिने सेफ्टी पिना वाकवून गळ केले. त्यावर छोटे मासे लागू लागले, ते कच्चेच खायचे. मांसात ओल असते, डोळ्यांत आणि काळजात जास्त, म्हणून तेही टाकायचे नाहीत. तराफ्याखाली कासवे येऊन पाठ घासत. ती ओढून घेतली. कासव कापणे सोपे काम नव्हे, आणि मॅरलिनला आधी त्यांचा लळा लागला होता. पण भूक लागली की लळा मागे पडतो, कोंबड्या पाळणाऱ्या घरात हे सांगावे लागत नाही. एखादे कासव पायाला दोर बांधून दाराशी गुराप्रमाणे राखूनही ठेवत. एकदा यांना वाटले, कासवे चांगली ताकदीची आहेत, यांनाच जुंपले तर? एक जुंपले, ते छान ओढू लागले. मग दुसरे जुंपले, तर ते उलट्या दिशेला चालले! ज्याने पहिल्यांदा नांगराला धरलेल्या अडेल गोऱ्ह्यांशी झुंज घेतली आहे त्याला हे वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. ती औतजोडी तिथेच सोडून द्यावी लागली.

तराफ्यावर येऊन बसणारे समुद्रपक्षी हातांनी धरले. पुढे पुढे तर लहान शार्कही हाताने शेपूट धरून वर ओढले. पाऊस आला की छतावरचे पाणी धरायचे, त्याला रबराचा वास आणि कडवट चव. ते प्यायचे. तराफ्याला भोके पडली, ठिगळे सुटली, मग दिवसा-रात्री पुन्हा पुन्हा पंपाने हवा भरायची. पाठ टेकली की खालून मासे ढोसत. जूनमध्ये वादळे आली आणि सगळे गळ-साधन वाहून जायची वेळ आली.

एवढ्यावर माणूस जगतो का? पोटाने जगतो. मनाचे काय? मॅरलिनने कागद कापून पत्ते केले, डॉमिनोच्या सोंगट्या केल्या. दोघे खेळत. वहीत ती रोजची नोंद लिही. उपाशीपोटी ती जेवणाचे बेत लिही: कोणत्या पाहुण्यांना बोलवायचे, आधी काय वाढायचे, गोड काय करायचे. मॉरिसला हे आधी खुळचट वाटले असावे, पण तोही त्यात भाग घेऊ लागला. आणि सर्वांत मोठे म्हणजे दोघे मिळून पुढच्या होडीचा आराखडा काढत. शेगडी कुठे, फळ्या कुठे, साठवणीची जागा किती, निजायच्या बाका कशा. पहिली होडी बुडून महिनेच झाले होते, खाली शार्क फिरत होते, आणि ही बाई दुसऱ्या घराचे स्वयंपाकघर आखत होती. मला या सगळ्या हकीकतीत हीच गोष्ट सर्वांत खरी वाटते. गारपिटीने बाग झोपल्यावर आठव्या दिवशी पुढच्या बहराचे बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. लोक त्यांना वेडे म्हणतात.

३० जून १९७३ रोजी आठवे जहाज आले. दक्षिण कोरियाचे ‘वोल्मी ३०६’ नावाचे मासेमारी जहाज, मायदेशी परत निघालेले. मॅरलिनने मॉरिसला हलवून उठवले आणि अंगातला कपडा काढून जीव खाऊन हलवू लागली. जहाज पुढे निघून गेले. मॉरिसने आशा सोडली. मग ते जहाज वळले. सुमारे १५०० मैल वाहत आल्यावर त्यांना वर घेतले तेव्हा दोघांनाही उभे राहता येत नव्हते. हाडांवर कातडे उरले होते. एकमेकांची भाषा येत नसताना त्या कोळ्यांनी त्यांना दूध पाजले, औषधपाणी केले, आणि होनोलुलूला पोचेपर्यंत आपल्या घरच्यासारखे सांभाळले. जून १९७२ मध्ये नांगर उचलला होता. वर्ष पुरे झाले होते.

पुढे मॉरिसने जे लिहिले-बोलले त्यात एक गोष्ट त्याने कधी लपवली नाही. आपण वाचलो ते मॅरलिनमुळे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. पुरुषाने, त्यातही कप्तानाने, हे छापून सांगावे याला मोठे मन लागते. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९७४ मध्ये आले. या जोडप्यावर सोफी एल्महर्स्ट या लेखिकेचे नवे पुस्तक २०२४ मध्ये निघाले आणि तेही खूप वाचले गेले. मॅरलिन २००२ साली कर्करोगाने गेली. मॉरिस तिच्यामागे एकटा बरीच वर्षे राहिला, २०१८ साली गेला.

कोणी विचारील की इतके भोगल्यावर त्यांनी काय केले, डर्बीला परत जाऊन दुसरे घर घेतले का. नाही. पुस्तकाच्या पैशांतून होडी बांधायला घेतली. तिचे नाव ‘ऑरलिन दुसरी’. १९७५ साली ती घेऊन दोघे पुन्हा निघाले, या खेपेला दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला, पॅटागोनियाच्या थंड, वादळी किनाऱ्याकडे.